शेऱ्यांसकट

९ जानेवारी

आभारात! माझं नाव आभारात घातलंय. तेही शेवटच्या ओळीत, अखंड वीजपुरवठ्याबद्दल इमारत विभागाचे आभार मानलेत त्यांच्या शेजारी.

सकाळी सर टेबलापाशी आले. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या गटाला ‘आपली’ संदर्भसूची हवी आहे म्हणाले. आपली! समांतर संगणनावर, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांत वाटून करण्यावर, जगात जे जे छापून आलं, ते कोणी लिहिलं, कुठं छापलं, कोणत्या पानावर सापडेल, याची ही यादी. पीएच. डी. सुरू केली तेव्हापासून मी ती करते आहे. बांधीव अंकांची धूळ खाल्ली, लेखकांना पत्रं लिहून प्रती मागवल्या, नकलांच्या यंत्रापाशी उभं राहून पाय सुजवले. सरांनी या काळात यादीसाठी काय केलं? एकदा विचारलं, ‘अजून चालूच आहे का गं ते?’

पहिल्या पानाचा मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. संपादक म्हणून त्यांचं नाव. खाली बारीक अक्षरात ‘संकलनातील साहाय्याबद्दल’ मी. म्हटलं, सर, संकलन पूर्ण माझंच आहे. तर हसले. ‘अगं, माझ्या नावावर गेली तर लोक उघडून तरी बघतील. तुझं नाव पुढं यायला वेळ आहे अजून.’ वेळ आहे! चष्म्याचा नंबर दोनदा बदलला माझा या यादीपायी.

एप्रिलमध्ये कायम जागेची मुलाखत आहे. समितीत सर आहेत. म्हणून ‘बरं सर’ म्हणाले. दरवर्षी कराराचा कागद पुढं सरकवणाऱ्या माणसापुढं दुसरं काय म्हणणार.

१० जानेवारी

सर डोक्यावर उभे. आत्ताच्या आत्ता पाठव. छापील प्रत नको, मूळ फाईलच हवी आहे त्यांना, म्हणजे ते त्यात भर घालू शकतील. पाठवली.

आईनं विचारलं, आज एवढी धुसफुस का? सांगितलं. ती म्हणाली, ‘आयत्या बिळावर नागोबा.’ आणि पुन्हा शब्दकोडं सोडवायला लागली.

१३ जानेवारी

पोचली. सरांना धन्यवादाची मेल. मला प्रत पाठवलीये — ‘माहितीसाठी’.

२४ जानेवारी



आज एका अनोळखी बाईंची मेल. त्या तिकडच्याच गटात आहेत. लिहितात की सूची उत्तम, पण त्याहून उत्तम शेरे. वाचून दुपारभर हसलो, सगळ्या विभागात फिरवली.

कसले शेरे? असं म्हणेपर्यंत आठवलं. यादीत प्रत्येक नोंदीला एक रकाना आहे — शेरा. तो माझा. माझ्यापुरता. कुठला पेपर पुन्हा वाचायचा, कुठल्यावर वेळ घालवायचा नाही, हे लक्षात राहावं म्हणून दोन शब्द लिहून ठेवायची. छापताना शेरे वगळायची सूचना प्रोग्रॅमला फार पूर्वीच देऊन ठेवलेली. त्यामुळे कागदावर ते कधी उमटायचे नाहीत. आणि मी इतकी वर्षं कागदच बघत आले! मूळ फाईलमध्ये शेरे जिथल्या तिथं आहेत हे डोक्यातच आलं नाही. सगळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काय काय लिहिलंय मी! ‘मोठं नाव, छोटा पेपर.’ ‘आलेख सुंदर. अक्षांवर आकडे असते तर आणखी सुंदर.’ ‘हाच पेपर तिसऱ्यांदा. शीर्षक तेवढं नवं शिवलंय.’ ‘हा खरोखर चांगला आहे, म्हणूनच कोणी वाचला नसावा.’ आणि ज्या बड्या प्राध्यापकाला सगळे पाठीमागे बुलडोझर म्हणतात, त्याच्या प्रसिद्ध पेपरावर — ‘सोळा प्रोसेसरांवर मोजलं, हजारांवर स्वप्न पाहिलं.’

बुलडोझर! तो ज्या समितीवर बसतो तिच्या सहीशिवाय कुठल्याही विभागाला नवं यंत्र मिळत नाही.

२५ जानेवारी

आणि सरांचा पेपर. तो कालच्या घाबरगुंडीत लिहायचाच राहिला, का मुद्दाम टाळला?

सरांचं नाव ज्या पेपरामुळे झालं तो. सोळा प्रोसेसर, आणि काम सोळापटीहूनही जास्त वेगानं झालं असा दावा. सोळा माणसांनी वीस माणसांचं काम केलं म्हणण्यासारखं. मी तेव्हा नवी होते, भक्तिभावानं वाचायला घेतला आणि अडखळले. त्यांनी तुलनेसाठी एकाच प्रोसेसरला लागलेला वेळ दिलाय तो भलताच जास्त. तेच काम मी माझ्या टेबलावरच्या यंत्रावर करून पाहिलं, चुटकीसरशी झालं. म्हटलं, हे असं आहे तर! मग शेरा लिहिला — ‘एकट्याला मुद्दाम हळू पळवलं की सोळाजण वेगवान दिसतातच.’

सुचल्याचा केवढा आनंद झाला होता. कोणाला दाखवता येत नव्हतं एवढंच दुःख.

आता दाखवलं.

२ फेब्रुवारी

सर अजून काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे मेलींवर मेली येताहेत हे शिपाई सांगतो, कारण सर त्या छापून घेऊन वाचतात. मी रोज खोलीवरून जाताना दार उघडं आहे का बघते. उघडंच असतं. आत ते नुसते हसत बसलेले.

६ फेब्रुवारी

बोलावलं. गेले. बसायला सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर. उभं ठेवून बोलतात ते किरकोळ.

टेबलावर छापलेल्या मेलींचा गठ्ठा. ‘फार मोकळेपणानं लिहिलंयत’, ‘या क्षेत्रात असं बोलायची हिंमत कोणाची आहे’, ‘स्वतःच्या पेपरालाही सोडलं नाहीत, मानलं तुम्हाला’ — असल्या. मला दोन वाचेपर्यंत उलगडा झाला नाही. मग झाला. पहिल्या पानावर संपादक कोण? सर. मग शेरे कोणाचे? सरांचे! माझं नाव वीजपुरवठ्याशेजारी, तिथं कोण कशाला बघतंय.

सरांनी फाईल उघडलीच नव्हती. या मेली येईपर्यंत त्यात शेरे आहेत हेही त्यांना माहीत नव्हतं. मला विचारलं, माझ्या पेपरावर काय लिहिलंयस? मी खाली बघत सांगितलं. शब्दशः. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. वाटलं, संपलं सगळं.

मग म्हणाले, ‘लोकांना वाटतंय मी लिहिलंय. वाटू दे.’

मी वर बघितलं.

‘तू लिहिलंस कळलं तर मुलाखतीआधी शंभर शत्रू होतील तुझे. माझं काय, मी निवृत्तीला आलो. मी झेलतो.’

झेलतो! हार झेलतो तसं. आणि मी काय केलं? मान हलवली. थँक्यू म्हणाले की काय तेही आठवत नाही. म्हणाले असणार.

७ फेब्रुवारी

आईला पटत नाही. ती वॉर्डात नर्स होती. ज्यानं ताप मोजला त्यानंच तक्त्यावर सही करायची, हा तिचा धर्म. मी म्हटलं, मुलाखत होईपर्यंत थांब, मग बघू. ती म्हणाली, ‘खरं बोलायला मुहूर्त बघणारी माणसं मुहूर्तच बघत बसतात.’

तिला काय जातं बोलायला. निवृत्तिवेतन पहिल्या तारखेला जमा होतं तिचं.

२० फेब्रुवारी

आता रोज कोणी ना कोणी यादी मागतो. आणि कशी मागतात! ताकाला जाऊन भांडं लपवणारे सगळे. संदर्भ फार उपयोगी, संशोधनाला मोठी मदत, वगैरे वगैरे, आणि शेवटी हळूच — ‘शेऱ्यांसकट मिळाली तर बरं.’ यादी मिळाल्यावर प्रत्येकजण सर्वात आधी स्वतःचं नाव शोधतो. हे मला त्यांच्या पुढच्या मेलीवरून कळतं. काहीजण दुखावतात. काहीजण आपल्या पेपरावर शेराच नाही म्हणून दुखावतात!

इतकी वर्षं शेऱ्यांशिवायची यादी विभागाच्या संकेतस्थळावर पडून होती. कुत्रं विचारत नव्हतं.

सगळी उत्तरं मीच लिहिते. सरांच्या नावानं.

१२ मार्च

आज सरांचं भाषण. विषय — ‘मोजमाप आणि प्रामाणिकपणा’. हसू नये पण काय करणार.

सभागृह भरलेलं. बाहेरगावाहून लोक आलेले. माझं काम पडद्यावर चित्रं बदलायचं. अंधारात, बाजूला, बटण हातात. सरांनी एकेक शेरा वाचायला घेतला आणि लोक लोळायचे बाकी राहिले. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात. बरी वाटत होती, खोटं कशाला सांगू. थांबायचं कुठं ते त्यांना बरोब्बर कळतं.

शेवटी कोणीतरी विचारलं, स्वतःच्या पेपराबद्दलही तुम्ही तसं लिहिलंत, अवघड नाही गेलं? मला वाटलं, इथं तरी हा माणूस जरा अडखळेल. छे. पाणी प्यायले. चष्मा काढला. तो शेरा पूर्ण म्हणून दाखवला. मग म्हणाले, ‘तेव्हा मी तरुण होतो. निकाल मोठा दिसावा असं वाटायचं. चुकलं माझं. ते आज सांगायला लाज वाटत नाही, आज लपवायची लाज वाटेल.’

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. मी दिवे लावले, कारण दिव्यांचं बटणही माझ्याकडेच होतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

१३ मार्च

आज मी सरांचा मनापासून द्वेष केला. दिवसभर. दुसरं काही काम झालं नाही.

२८ मार्च

बुलडोझरला कळलं. इतके दिवस कसं कळलं नाही याचंच नवल. बहुधा त्याला सांगायची कोणाची छाती झाली नसावी. भाषणाचं चित्रण कोणीतरी पाठवलं. त्यात त्याच्यावरचा शेरा ऐकून सभागृह सर्वात जास्त हसतं.

फोन थेट विभागप्रमुखांना. आवाज दारातून ऐकू येत होता म्हणे. शेरा मागे घ्या, लेखी माफी मागा, नाहीतर नव्या यंत्राचा प्रस्ताव माझ्या टेबलावर येईल तेव्हा बघू. सर दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. दार पहिल्यांदाच बंद.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी दोन कप चहा प्यायले आणि खिडकीशी उभी राहून गाणं गुणगुणले. झेला आता.

१ एप्रिल

नाही झेललं.

सरांनी बुलडोझरला पत्र लिहिलं आणि त्याच्या प्रती यादी नेलेल्या सगळ्यांना पाठवल्या. मलाही, ‘माहितीसाठी’. सारांश असा: सूचीचं संपूर्ण संकलन, शेऱ्यांसह, माझ्या साहाय्यक संशोधिकेचं आहे. मी केवळ नावापुरता संपादक होतो. शेरे माझ्या नकळत गेले. त्यातील मतं तिची वैयक्तिक व अपरिपक्व आहेत. यापुढे सूचीवरून माझं नाव काढावं.

संपूर्ण संकलन तिचं! जानेवारीपासून एवढंच एक वाक्य मागत होते मी. मिळालं. सहीनिशी, शिक्क्यानिशी मिळालं.

धावत त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, मुलाखत आठवड्यावर आली आहे. ते कागद आवरत होते. म्हणाले, ‘यंत्र आलं नाही तर विभाग बंद पडेल. एका माणसासाठी विभाग बुडवू का मी?’ वर बघितलंसुद्धा नाही.

हीच वाक्यं त्यांच्या तोंडी होती तेव्हा परखड होती. तीन आठवड्यांत ती अपरिपक्व झाली.

९ एप्रिल

मुलाखत. माझ्या कामावर प्रश्न एक. शेऱ्यांवर बाकीचे सगळे. ज्येष्ठांबद्दल असं लिहिणं तुम्हाला शोभतं का? तुमच्या हाताखाली विद्यार्थी द्यावेत असं तुम्हाला का वाटतं? एक गृहस्थ, ज्यांना मी मार्चमध्ये पोट धरून हसताना पाहिलंय, ते म्हणाले की विनोदाची ही पातळी क्लेशकारक आहे.

सर समोर बसले होते. शेवटपर्यंत माझ्या अर्जातलं एकच पान वाचत.

१० एप्रिल

जागा दुसऱ्याला. करारही जूनपर्यंतच. तेल गेलं, तूपही गेलं. आईनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल

गंमत ऐकावी तेवढी थोडीच.

सरांच्या निवृत्तीनिमित्त एक मोठा सन्मान ठरला होता. त्या प्रसिद्ध पेपरासाठीच. आज कळलं की तो थांबवलाय. कारण सरळ आहे. शेरे सरांचे होते तोवर त्या पेपरावरचा शेरा ही एका थोर माणसाची कबुली होती. लोकांनी मोठ्या मनानं चूक माफ करून टाकली. आता शेरे सरांचे नाहीत म्हणे. मग तो शेरा काय झाला? त्यांच्याच साहाय्यिकेनं लावलेला आरोप. आणि तो आरोप खरा आहे हे सरांनी स्वतः, भर सभागृहात, पाणी पिऊन, चष्मा काढून सांगितलेलं. चित्रण आहे! सन्मान समितीनं विचारणा केली आहे की निकाल फुगवला होता का, असल्यास पेपर मागे का घेऊ नये.

हात दाखवून अवलक्षण! मी आईला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, पुरे.

२६ एप्रिल

सर घरी आले होते.

कधी येत नाहीत. तीन जिने चढून धापा टाकत दारात उभे, हातात फळांची पिशवी. आईनं पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि आत न जाता तिथंच खुर्ची ओढून बसली. एरवी पाहुणे आले की उठून जाते.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले की यादी आता तुझीच आहे, नवी प्रत काढशील तेव्हा तो एक शेरा तेवढा काढ. आणि समितीला दोन ओळी लिहून दे की तो घाईत लिहिला होता. बाकीचे राहू देत, बुलडोझरचासुद्धा राहू दे.

मी म्हटलं, ‘तो तुमचाच आहे, सर. तुम्हीच वाचून दाखवलात.’

किती दिवसांपासून हे वाक्य घासून ठेवलं होतं. म्हटल्यावर मनाजोगतं गोड लागलं नाही, पण लागलं.

त्यांनी फळांची पिशवी टेबलावर ठेवली. म्हातारे दिसत होते. मग म्हणाले, ‘खरं सांगू का तुला? त्या पेपराच्या वेळी मी नक्की काय केलं होतं ते मला आता आठवतच नाही. कागद गेले, बरोबरची मुलं गेली. तू लिहिलं होतंस, म्हणून मी धरून चाललो की तसंच असणार. तुझी नोंद कधी चुकत नाही.’

हे आत्ता सांगताय! इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी चारचौघांत म्हणाला असतात तर?

मी म्हटलं, काढणार नाही. उलट पेपरातल्या त्या जुन्या यंत्रावरच तोच प्रयोग पुन्हा करते, आकडे घालून शेरा पक्का करते, म्हणजे कोणी याला सूडबुद्धी म्हणायला नको. सर उठले. जिन्यात आधार धरत उतरताना दिसले. आई म्हणाली, ‘फळं देऊन ये त्यांची त्यांना.’ मी नाही गेले.

२८ एप्रिल

जुनं यंत्र अजून तळमजल्यावर आहे. मोडीत काढायच्या कागदावर सही कोण करणार यावर इतकी वर्षं अडलंय. प्लास्टिकचं आच्छादन काढलं तर धुळीनं शिंका आवरेनात. पण चालू झालं! सोळांपैकी बहुतेक प्रोसेसर जिवंत. मला एकच हवा आहे.

त्याच्यासाठी माझ्या हातचा सर्वात चपळ प्रोग्रॅम लिहिते आहे. सरांनी दिलेल्या वेळाच्या निम्म्यात जरी आला तरी पुरे. पाव वेळात येईल, मला माहीत आहे. समितीला पाठवायच्या पत्राची पहिली ओळही लिहून ठेवली आहे.

३० एप्रिल

चालवला. पुन्हा चालवला. प्रोग्रॅम बदलून पुन्हा. वेळ सरांच्या पेपरातलाच येतो. त्या एकट्या प्रोसेसरची मेमरी एवढीशी की सगळे आकडे तिच्यात मावतच नाहीत. डिस्कवर ने-आण करण्यातच त्याचा वेळ जातो. सोळांत वाटून दिले की प्रत्येकाच्या मेमरीत मावतात, म्हणून सोळापटीहून जास्त वेग. मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मी माझ्या टेबलावरच्या यंत्रावर बघितलं होतं, त्याची मेमरी कितीतरी मोठी.

कोणी कोणाला मुद्दाम हळू पळवलं नव्हतं. पेपर खरा आहे.

न केलेली चूक सरांनी भर सभेत कबूल केली, मी लिहिली होती म्हणून.